लटारूचा वर्तणुकीचा दाखला

घरकुलाला दाखला लागतो, राशनला लागतो, तर बाप्तिस्म्यालाही लागत असणार, असं दारू गाळणाऱ्या लटारूनं ठरवलं आणि पोलीस पाटलाकडून वर्तणुकीचा दाखला घेऊन तो नदीवर पोहोचला. त्याला वाचता येत नव्हतं. “मोठ्यानं वाचा, पास्टरभाऊ,” तो ऐटीत म्हणाला. पाटील मात्र खरं लिहिणारा माणूस. पास्टरनं वाचलं, “अर्जदार कोंबड्या चोरतो, शपथ घेऊन खोटं बोलतो, सुधारण्याची लक्षणं नाहीत.” शिक्काही ठळक होता. मंडळी हसली. लटारूची मान खाली गेली. “सुधरून येतो मी, पुढच्या साली.” “कायले?” पास्टर म्हणाला. “येशू पाप्यासाठीच मेला. त्याच्यावर विश्वास हाय ना?” “तेवढाच हाय, भाऊ. दुसरं काहीच नाई.” “मंग देवानं तुले नीतिमान ठरवलं. चाल पाण्यात.” लटारू रडतच उतरला. बाप्तिस्म्याच्या रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या निर्व्यसनी गुरुजींनी मला हळूच विचारलं, “पाटलाले इचार, माझ्याबद्दलबी असं काही लिहून देईल का?”