दादा, तुझी एक गोष्ट

"पुन्हा कोसळलं?" आईने दारातूनच विचारलं.

"पुन्हा," तो म्हणाला. "पण या वेळी जरा पुढे जाऊन कोसळलं."

"पुढे जाऊन कोसळणं या घराला नवीन नाही," आई म्हणाली आणि चहाचा कप कीबोर्डशेजारी आदळून गेली.

घरात त्याला अर्ध्या म्हणत. कॉलेज अर्धं, नोकऱ्या अर्ध्या, मागच्या दारी सायकल अर्धी खोललेली. दादा म्हणणारी एकच, धाकटी. तीही म्हणायची नाही, लिहायची. मानेखालचं शरीर जन्मापासून तिचं ऐकत नव्हतं. जीभही नाही.

तिच्यासाठी हळहळणाऱ्यांचा तोटा नव्हता. हळहळून कुणाला वाचा फुटत नाही. मामा हळहळला नाही. त्याने एक मशीन आणलं, तिच्या गालाशी बटण बसवलं आणि स्मॉलटॉक नावाच्या भाषेत तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळायची. हवं ते उजळलं की तिने गाल दाबायचा. अक्षरं मामाने ठिपक्याला ठिपका जोडून काढलेली. त्याचा 'झ' कायमचा लंगडा.

अक्षरांच्या शेवटी दोन चौकटी होत्या, 'पुसा' आणि 'झोपा'. 'झोपा' दाबलं की पडद्यावरचं सगळं, अगदी अर्धं राहिलेलं वाक्यसुद्धा, जसंच्या तसं एका फाइलीत गोठायचं आणि मशीन बंद व्हायचं. त्या फाइलीला मामा इमेज म्हणायचा.

"जेवढं झोपवलंस तेवढंच उठेल," तो तिला सांगायचा. "मध्येच कुणी गळा दाबला, तर त्या दिवसाचं सगळं गेलं समज."

मामा गेला. मशीन म्हातारं झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, "चालू आहे तोवर चालू द्या. एकदा थंड पडलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उठणार नाही."

तेव्हापासून 'झोपा'कडे नजरसुद्धा टाकायची नाही, असा घरात हुकूम होता.

"मी करतो ना सोय," अर्ध्या म्हणाला. नव्या कंप्युटरच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम लिहायचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मामाची इमेज बदलून त्याच्या मापाची करायची आणि त्यावर चालवायची. त्याने मोठ्या जोरात सुरुवात केली. आणि सोडून दिलं. धाकटीने विचारलं की उत्तर ठरलेलं, "करतो गं." असं कितीतरी वर्षं.

मग एका दुपारी तो घाईने बाहेर निघाला होता आणि ती लिहीत होती.

दादा, तुझी एक गोष्ट

"आल्यावर वाचतो," तो म्हणाला.

आला तेव्हा पडदा काळा होता. आई बाहेर कपडे वाळत घालत होती, तिला पत्ता नाही. मशीन पुन्हा उठलंच नाही.

"लाइट गेली असणार," तो म्हणाला आणि कपाळाला हात लावून बसला.

घरात अक्षरांचा पुठ्ठा आला. आई त्यावरून बोट फिरवायची. धाकटीने डोळे वर केले म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. पाणी, उशी, पाठीची खाज एवढं भागायचं. पण त्याने ते वाक्य काढलं की ती डोळे मिटून घ्यायची.

"माझं काही चुकलं का गं?"

डोळे मिटलेले.

"नालायक म्हणणार असेल, दुसरं काय," आई म्हणाली.

डोळे मिटलेलेच.

"त्या वीजवाल्यांच्या तर मी आता..."

तिने डोळे घट्ट आवळले.

"बघ, तिला शिव्या आवडत नाहीत," आई म्हणाली.

ते वाक्य त्याच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. त्याने मेलेल्या मशीनची डिस्क काढली, इमेज उतरवून घेतली आणि कामाला बसला. इमेजमध्ये असंख्य वस्तू, प्रत्येक दुसरीकडे बोट दाखवणारी. सगळ्यांची मापं बदलायची, आणि एकीचं जरी बोट चुकीकडे वळलं तर सगळा डोलारा खाली. पडदा कधी काळा व्हायचा, कधी त्यावर नुसती वाळू उडायची. एकदा सगळी अक्षरं उताणी पडली. मागे खुर्चीत बसून धाकटी हसायची. आई वाट बघत होती, आज सोडेल, उद्या सोडेल. त्याने सोडलं नाही.

आणि आज, आईने आदळलेल्या चहावर साय धरली तेव्हा, त्याला शेवटची चूक सापडली.

पडदा करडा झाला. मग पांढरा. कोपऱ्यात मामाचं घड्याळ उगवलं. आधी त्या जुन्या दुपारची वेळ दाखवली आणि एका उडीत आजपर्यंत आलं. अक्षरांची ओळ उभी राहिली. आणि वर, लंगड्या 'झ'सकट, ते वाक्य. पुढे रेघ लुकलुकत होती, जणू ती आत्ताच थांबली होती.

कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर उठतात तसा तो उठून उभा राहिला.

आई दारातच खाली बसली. "माझ्या भावाचं अक्षर," ती म्हणाली.

"आई, हे मेलं नव्हतं गं," त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "तिथंच थांबलं होतं. बघ, एक टिंबसुद्धा हललं नाही!"

त्याने बटण तिच्या गालाशी लावलं.

"बोल बाई. नालायक म्हण, काय वाटेल ते म्हण. पण ते वाक्य पुरं कर."

अक्षरं उजळू लागली. गाल हलला, थांबला, पुन्हा हलला. दोघं बघत राहिली. रेघ एकेक अक्षर पुढे सरकत गेली.

दादा, तुझी एक गोष्ट तरी पुरी झालेली बघायची होती. लाइट गेली नव्हती. झोपा मीच दाबलं.