गेणभाऊंचं नवं घड्याळ

पिंपरी पेंढारचे गेणभाऊ विहिरीत बुडी मारून तळाला पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढतात. त्यांच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या बायकोच्या, कोंडाबाईच्या हातात असतं. हल्ली ती फार लवकर दोर ओढते, हाताशी आलेली मोटार सुटते आणि लोक हसतात. म्हणून चिडून त्यांनी लेकीकडून डाइव्ह कॉम्प्युटर मागवला. मनगटावरचं घड्याळच ते, पाण्यात किती खोल गेलात नि किती वेळ झाला ते सांगणारं.

आधी बादलीत बुडवून पाहिलं, तर चालूच होईना. "फसवलं राव आपल्याला!" म्हणत गेणभाऊंनी त्याला दोन टपल्या मारल्या.

"आबा, त्याला मीटरभर खोल पाणी लागतं," लेक नूतन पुस्तिका वाचून म्हणाली. "बादलीत कोण बुडी मारतं?" मग तिने साठ सेकंदांचा गजर लावून दिला.

"ह्यो वाजला की मीच दोर हालवीन," गेणभाऊंनी बायकोला बजावलं. "तवर वढायचं न्हाई."

तरी गजर वाजायच्या आत दोराला हिसका बसलाच. गेणभाऊ रिकाम्या हाताने वर आले ते मनगट नाचवतच, "हे बघ, चाळीसच झाल्यात! काठावर बसून तुला कसली गं एवढी घाई?"

कोंडाबाई लालबुंद होऊन धापा टाकत होती.

"तीस वर्सं तुमी बुडी मारली की मी बी हितं नाक दाबून बसते, अन् माझा दम संपला की वढते, आता माझाच दम चाळिसावर आलाय, त्याला ते घड्याळ काय करणार?"