तीन ठिपके आणि एक विंचू

"तीनच ठिपके आहेत, मावशी. तिळाएवढे," तनुजानं परत सांगितलं.

केवळाबाई टेबलावर उताण्या पडल्या होत्या. दोन्ही हात डोक्याच्या वर, पोलिसांना शरण आल्यासारखे. डाव्या छातीतली कॅन्सरची गाठ काढून झाली होती. आता रेडिएशन. मशीन रोज त्याच जागेवर लागावं म्हणून छातीवर खुणा हव्या होत्या. लातूरच्या त्या दवाखान्यात मशीन तनुजा चालवायची, आणि तिच्याकडं दोनच प्रकार होते. सुईनं टोचलेले ठिपके, जन्मभराचे. नाहीतर पेनाच्या फुल्या. फुल्या घासायच्या नाहीत, भिजवायच्या नाहीत, आणि मे महिन्यात त्यांना घामही लागू द्यायचा नाही.

"पेनानंच कर, बाई," केवळाबाई म्हणाल्या. "दुखणं गेल्यावर त्याची निशाणी कशाला ठिवायची अंगावर?"

टोचून घेणं त्यांना नवीन नव्हतं. लहानपणी चार बायांनी हातपाय दाबून धरून त्यांच्या हातावर तुळस गोंदवली होती. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरवतानाही विचारलं नव्हतं. गाठीनंही विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा एक पोरगी समोर उभी राहून विचारत होती. नाही म्हणायची अशी संधी परत कधी यायची?

"सोमवारपर्यंत विचार करा," तनुजा फुल्या काढून वरून टेप लावत म्हणाली. "तोवर हे जपा. पुसलं तर परत माप, परत स्कॅन. उपचार लांबतो."

'लांबतो' एवढाच शब्द दाराबाहेर बसलेल्या शेषेरावांनी ऐकला. ते केवळाबाईंचे मालक. एकदा ते तहसीलला ओरिजिनल घेऊन गेले आणि झेरॉक्स विसरले. तेव्हापासून घरातल्या हरेक वस्तूची झेरॉक्स काढून ठेवत. रेशन कार्डाची, लाइट बिलाची, म्हशीच्या विम्याची. सुनेच्या लग्नपत्रिकेचीसुद्धा होती. बायकोच्या छातीवरच्या फुल्यांची तेवढी नव्हती.

अहमदपूरजवळच्या आपल्या गावी आल्यापासून त्यांचा पाय घरात ठरेना. केवळाबाई कूलरसमोर बसून असायच्या. अंघोळ कमरेपर्यंतच. शेषेराव अंगणात चकरा मारायचे आणि दारातून डोकं आत घालायचे.

"हायत का?"

"हायत."

जेवताना तेच. म्हशीची धार काढताना गोठ्यातून ओरडून तेच. शेजारची राजकन्याबाई भेटायला आली, तिच्यासमोरही, "हायत का?" आपण अजून बसलोय का, असं विचारतायत वाटून ती अर्धा चहा ठेवून उठली.

"जपत बसण्यापरीस टोचून घ्या की, आत्या," सून आरती म्हणाली.

"न्हाई म्हणले ना!" केवळाबाई म्हणाल्या. पण तिची पाठ वळताच पदर बाजूला करून त्यांनी स्वतःच बघून घेतलं. होत्या.

बाजाराच्या दिवशी शेषेराव पिशवी न घेताच अहमदपूरला गेले. परत आले ते शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावून. ऊन बेचाळीसच्या वर होतं.

"काय झालं वो?"

"गार वाटायलंय."

त्या दिवसापासून त्यांनी 'हायत का' विचारणं बंद केलं. नवऱ्यानं आपली आशा सोडली, असंच केवळाबाईंना वाटलं.

सोमवारी दवाखान्यात तनुजानं टेप काढली. मधली फुली घामानं वाहून गेली होती. तिथं नुसता निळा डाग उरला होता.

"परत माप घ्यावं लागेल, मावशी."

तेवढ्यात दार ढकलून शेषेराव आत आले.

"काका, इथं येता येत नाही!"

"दोन मिंटं, बाई." त्यांनी शर्ट काढला.

पांढऱ्या केसांच्या छातीवर तीन हिरवे ठिपके होते. मध्ये एक, दोन बाजूंना दोन. खाली एक विंचू.

"झेरॉक्स हाय," ते म्हणाले. "ही दुपारची झोपली व्हती, तवा दोऱ्यानं माप घेतलं. गळ्याच्या खळगीपासून. बाजारात गोंदणाऱ्याकडून टोचून आणलं. ह्याच्यावरनं बघून लावा मशीन. पण लांबवू नका."

तनुजानं खाली बोट दाखवलं. "आणि विंचू?"

"नुस्ते ठिपके काढायला त्याचं मन होईना. त्यानं आपल्या मर्जीनं दिला. विंचू हिशोबात धरू नका."

"काका, तुमची छाती आणि मावशींची..."

केवळाबाई उठून बसल्या. ठिपक्यांभोवतीची कातडी अजून लाल होती. विंचवाभोवतीची तर सुजली होती. दुखणं जावो न जावो, निशाणी आता घरात राहणारच होती, बनियनच्या आत.

"तुम्हाला कुणी दाबून धरलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई," शेषेराव म्हणाले. "मीच गेलो."

केवळाबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलले. हसल्या की रडल्या ते तनुजाला कळलं नाही. मग त्या आपणहून आडव्या झाल्या आणि दोन्ही हात वर घेतले.

"टोच, बाई," त्या म्हणाल्या. "ओरिजिनल नसंल तर झेरॉक्स कुठंच चालत न्हाई."