पस्तीस फूट

भीमराजने वायरचं भेंडोळं खांद्याला अडकवलं आणि गोरक्षच्या दारात चपला काढल्या. आठ वर्षं दोघे कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये शेजारी उभे राहून रसातली साखर मोजत होते, दुपारी एकाच डब्यात हात घालत होते. गोरक्षच्या घरात मात्र भीमराज आज पहिल्यांदा पाऊल टाकत होता. म्हणून तर त्याच्या बायकोने, भारतीने, त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. खिळे ठोकायला निघालेला माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता.

नव्व्याण्णव साली अख्ख्या वसाहतीत कॉम्प्युटर दोनच, आणि ते नेमके या दोघांकडे. घरंही पाठीला पाठ लावून, मध्ये फक्त बोळ. फोन आणि इंटरनेट भीमराजकडे. गोरक्षचा फोन अजून यादीत अडकलेला. एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्याला वायर जोडली की दोन्हीकडे इंटरनेट चालणार होतं. माप गोरक्षनेच टेप धरून घेतलं होतं: बोळातून स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिथून ओट्यावरून सरळ हॉलमध्ये. पस्तीस फूट. तेवढीच वायर दोन्ही टोकांना पिना बसवून नगरहून करून आणली होती.

"या, बसा," गोरक्षची आई, आक्काबाई, तोंडभरून म्हणाल्या. त्या परवाच गावाकडून आल्या होत्या. "गोरख लई सांगतो तुमचं. गाव कंचं म्हनायचं?"

भीमराजने गाव सांगितलं.

"आन् आडनाव?"

त्याने आडनावही सांगितलं. आक्काबाई "बरं" म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

भीमराज हातोडी घेऊन उठला. "आई, जरा आत येतो. पाच मिनटांचं काम हाय."

"आत पसारा हाय. भायरूनच घ्या तुमी."

त्यांच्या खांद्यावरून त्याला आतलं सगळं दिसत होतं. पसारा असा काही नव्हता. ओटा पुसलेला, भांडी पालथी. सकाळी गॅसवाला येऊन गेला असावा. नव्या सिलिंडरपर्यंत त्याच्या चपलांचे मातकट ठसे उमटले होते.

भीमराजने गोरक्षकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरला असता. गोरक्ष कॉम्प्युटरवरचं कापड झटकत होता, आणि झटकून झालं तरी झटकतच राहिला.

"बाहेरूनच घेऊ," तो कापडाकडे बघत म्हणाला. "सोपं पडंल."

वायर पुरणार नाही हे भीमराजला तिथेच कळलं. सगळी नोकरी मोजण्यात गेलेला माणूस तो. पण तिथे उभं राहण्यापेक्षा खिळे ठोकणं बरं, म्हणून तो बोळात उतरला. मोरीला वळसा घातला, कोपरा धरला, वायर ताणत पुढच्या खिडकीकडे निघाला. शर्टाची इस्त्री केव्हाच मोडली होती. खिडकी अजून बरीच लांब असताना वायर संपली. तिची पिन भिंतीवर लोंबत राहिली.

गोरक्षने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मापात कायतरी चुकलं वाटतं, भीमराज."

"व्हय. चुकलं."

भीमराजला लाज वाटली. मग आपल्याला का म्हणून लाज वाटावी, याचा राग आला. त्याने एकेक खिळा उपटून खिशात टाकला आणि वायर गुंडाळत घरी आला.

भारती बुद्धाच्या तसबिरीखाली कॉम्प्युटर लावून बसली होती. पलीकडून जोडणी झाली की कळेल, असं भीमराज तिला सांगून गेला होता. तिने भेंडोळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाकडे.

"पुरली नाय व्हय?"

"नाय."

"लई कमी पडली?"

त्याने भेंडोळं तिच्या मांडीवर ठेवलं.

"एका स्वयंपाकघराएवढी."