चौघांचा रेडा

धम्मरत्ननं डबा टेबलावर ठेवला आणि तो झाकण उघडायच्या आतच अय्यूब म्हणाला, "एक मूठ कमी कर."

स्टीलच्या त्या डब्यात सरकी होती. ती सरकी म्हणजे त्यांच्या खेळातल्या दगडी रेड्याचा जीव. रेडा किल्ल्याच्या दारात उभा होता आणि तो पडल्याशिवाय कोणाला आत जाता येणार नव्हतं. खेळ चालवायचा धम्मरत्ननं, पण तो नवखा. नियमाच्या पुस्तकातली बेरीज-वजाबाकी त्याच्या डोक्यात शिरत नसे. म्हणून त्याच्या बायकोनं, उर्वशीनं, सोपी रीत काढून दिली होती. जो लढणार त्यानं आपल्या हातानं एक मूठ सरकी डब्यात टाकायची. जितके लढणारे तितकं जनावराचं बळ. वार लागला की फाशाच्या आकड्याइतक्या चिमटी सरकी झाकणात काढायची. डबा रिकामा, जनावर मेलं.

रेड्यासाठी चौघांनी मुठी टाकल्या होत्या. अय्यूबनं, त्याच्या पोरीनं जेबानं, धम्मरत्नच्या पोरीनं पायलनं आणि उर्वशीनं. लढाई व्हायच्या आधीच उर्वशीला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती घरी आली नाही. डबा फळीवर तसाच राहिला, तो आज खाली उतरला.

"आपन तिघं आहो," अय्यूब म्हणाला. हायवेवर त्याचं गॅरेज होतं, हाताचं ऑईल रविवारीही निघत नसे. "पुस्तकात लिहेल आहे, खेळनारे कमी तं जनावर कमी. नाही तं थो खेळ नाही राहत, कत्तल होते. तूनंच वाचून दाखोलतं."

"वाचलं होतं."

"मंग काढ ना एक मूठ."

"नाही काढत."

"काहून?"

धम्मरत्ननं वरवंटा उचलून टेबलाच्या मधोमध उभा केला. तो रेडा. त्याच्यासमोर गॅरेजमधले तीन नट-बोल्ट मांडले. ते खेळणारे.

"काका, माही जादूगारीण एका फटक्यात जाते," जेबा म्हणाली. "चौघांचा रेडा तिघांच्या अंगावर सोडून राह्यले तुम्ही."

"मंग जपून खेळ."

"जपून काय खेळ बे!" अय्यूब तडकला. "दोस्ताले मारून तुले काय भेटते? खेळ चालोनाराचं काम काय आहे? लढाई बराबरीची ठेवनं. एवढं तं कर. भाभी असती तं तिनंच सांगतलं असतं."

धम्मरत्ननं झाकण काढलं आणि डबा अय्यूबपुढे सरकवला.

"काढ," तो म्हणाला. "याच्यातली तिची मूठ कोनती थे दाखव, अन् काढ."

अय्यूबनं डब्यात हात घातला. बोटं सरकीत बुडाली. ती थोडा वेळ तिथंच राहिली. पायल आपल्या बोल्टाकडे पाहत बसली. मग अय्यूबनं हात रिकामाच बाहेर काढला आणि पँटला पुसला.

"फासा दे," तो म्हणाला.

लढाई पुस्तकात सांगितली होती तशीच झाली. अय्यूबचा ढालकरी पहिल्याच धडकेत लोळला, दुसरीत संपला. जेबानं आग टाकली तशी झाकणात सरकीचा ढीग झाला. एक दाणा उडून टेबलावरून खाली गेला. पुढच्या फेरीला रेड्यानं जेबाला शिंगावर घेतलं. उरली एकटी पायल. डब्याचा तळ दिसू लागला होता.

रेड्याची पाळी आली. धम्मरत्नच्या पुढ्यात पुठ्ठा उभा होता. त्याचे फासे कोणाला दिसू नयेत म्हणून तो असायचा. पुठ्ठ्यामागे पडलेल्या फाशावर तो काहीही सांगू शकत होता.

पायलनं हात लांब करून पुठ्ठा आडवा केला.

"समोर टाका, बाबा. अन् मले सोडू नोका."

त्यानं समोर टाकला. वीस बाजूंचा फासा वरवंट्याला आपटून थांबला. सतरा.

"लागला," धम्मरत्न म्हणाला. "गेली."

पायलनं आपला बोल्ट स्वतःच आडवा केला.

"आता?" जेबानं विचारलं. "हरलो ना आपन."

"हरलं की डबा रिकामा करायचा," धम्मरत्न म्हणाला. "मंग नव्या मुठी. जितके असन तितक्या." कोपऱ्यात म्हशीच्या सरकीचं पोतं होतं. त्यानं तिकडे पाहिलं, पण जागचा उठला नाही. जेबा उठली.

"बस खाली," अय्यूब तिला म्हणाला.

त्यानं झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि सगळी सरकी पुन्हा डब्यात ओतली. झाकणाला चिकटलेले दाणे बोटानं खरवडून पाडले.

"पुढच्या इतवारी येतो," तो म्हणाला. "तिघंच लढतो. हा असाच राहू दे."

"पुन्हा मरान," धम्मरत्न म्हणाला.

"मरू. तुह्या बापाचं काय जाते?"

पायल हसली. धम्मरत्ननं झाकण हातात घेतलं.

"थांब," अय्यूब म्हणाला.

गुडघ्यावर हात टेकत, कण्हत तो खाली बसला. खाटेखाली हात घालून चाचपत राहिला. एक दाणा हाती लागला, त्यावरची धूळ त्यानं फुंकली आणि तो डब्यात टाकला.

"हं. लाव आता."