दाराजवळची खुर्ची

उपासना सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. एक जोडपं उशिरा आलं आणि दारातच घुटमळलं. सहा वर्षांची मुलगी लगबगीनं पुढं झाली, तिनं हात पुढं केला आणि परक्या भाषेतली पाठ केलेली तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. या. तुम्ही आलात, बरं वाटलं. पहिल्यांदाच आलात का? मग तिनं दोघांना दाराजवळच्या खुर्च्यांवर बसवलं. नवख्या माणसाला पुढं नेऊन बसवायचं नाही, मध्येच उठून जावंसं वाटलं तर त्याला अवघडायला नको, असं पप्पांनी तिला शिकवलं होतं. पप्पा समोर उभे राहून उपदेश करत होते. परदेशात नव्यानं उभ्या राहिलेल्या या चर्चचे ते पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते.

मायदेशाहून निघताना त्यांना पाठवणाऱ्या मिशनरी संस्थेनं एक पुस्तिका दिली होती. घरादारासकट परदेशी सेवेला जाणाऱ्यांची लहान मुलं तिकडं कशी रुळतील, याबद्दलची. त्यात दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या. मुलांना तुमच्या कामात एखादी छोटी जबाबदारी द्या, ही एक. आणि रोज अर्धा तास फक्त मुलांसाठी ठेवा, ही दुसरी. पहिली गोष्ट पाळकांनी पहिल्याच रविवारी उरकली. पोरीला दारात उभं केलं आणि कौतुकानं तिचं नाव द्वारपाल ठेवलं. दुसरीला पाच महिने झाले तरी मुहूर्त लागत नव्हता.

तीन वाक्यांपलीकडं मुलीला ती भाषा येत नव्हती. शाळेत ती तोंडच उघडत नसे. मधल्या सुट्टीत घसरगुंडीशेजारी उभी राही आणि सगळी पोरं तिला ढकलून वर चढत. आईलाही ती भाषा येत नव्हती, त्यामुळं शिक्षिकेनं याबद्दल दोनदा पाठवलेली चिठ्ठी पाळकांनीच वाचली. मायदेशी पाठवलेल्या पत्रात मात्र त्यांनी लिहिलं, मुलं छान रुळली आहेत, थोरली तर सेवेत हातभारही लावते. आईनं ते पत्र वाचून घडी घातली आणि पाकिटात सरकवलं. धाकटा तीन वर्षांचा होता. त्याला अजून काही कळत नव्हतं, तेवढंच त्याचं सुख.

आज मात्र कबूल झालं होतं. चार वाजता पप्पा तिला शाळेमागच्या घसरगुंडीवर नेणार होते. रविवारी तिथं कुणी नसतं. आणि तिथं ते तिला चौथं वाक्य शिकवणार होते. आता माझा नंबर आहे. एवढं म्हणता आलं की उद्या कुणी ढकललं तरी बघून घेता येईल, असा तिचा हिशोब होता. सकाळपासून तिनं तीनदा विचारलं होतं, "पप्पा, तू आज नक्की शिकवशील ना?" आणि पप्पांनी तिन्ही वेळा मान डोलावली होती.

पावणेचारला फोन वाजला. सकाळचंच जोडपं. घरात भांडण पेटलं होतं, बाई बॅग भरून बसली होती. पाळकांनी कोट चढवला. मुलगी बूट घालून तयार होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, अर्ध्या तासात आलोच.

"आज तरी नाही म्हणा," आई म्हणाली.

"अगं, त्यांचा संसार मोडायला आलाय. आपलं काय, आपण घरचेच आहोत."

आईला पुष्कळ बोलायचं होतं. लोकांचे संसार सांधता सांधता आपल्या घराला भोक पडलंय, हे तर नक्कीच. पण दरवाजा तोवर लागला होता. आणि दुसऱ्याचं घर वाचवायला निघालेल्या माणसाशी भांडावं तरी कसं? भांडणारीच वाईट ठरते. तिनं मुलीला बूट काढायला सांगितलं. मुलीनं काढले नाहीत. खिडकीतून घसरगुंडीचं वरचं टोक दिसत होतं, ते अंधारात बुडेपर्यंत ती बघत उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

पाळक आले तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. जिन्यात ते शीळ घालत होते. बाईनं बॅग रिकामी केली होती, नवऱ्यानं डोळे पुसले होते, दोघांनी मिळून त्यांना चहा पाजला होता. कित्येक दिवसांत दिवस असा सत्कारणी लागला नव्हता. त्यांनी बेल वाजवली.

दार मुलीनं उघडलं. पायात बूट तसेच होते. तिनं पप्पांकडं बघून नीट हसू आणलं, रविवारी सकाळी आणते तसं, आणि हात पुढं केला. मग परक्या भाषेत, एकही उच्चार न चुकता म्हणाली, "या. तुम्ही आलात, बरं वाटलं. पहिल्यांदाच आलात का?"

पाळक मोठ्यानं हसले. थट्टा समजून त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि दोनदा हलवला. मुलगी हसली नाही. त्यांनी आईकडं पाहिलं. आई धाकट्याला भरवत होती, तिनं मान वर केली नाही. तेव्हा कुठं त्यांचं हसू ओसरलं आणि ते घाईघाईनं म्हणाले, उद्या नक्की, उद्या शाळेआधीच जाऊ.

मुलीनं आपला हात सोडवून घेतला. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची फरफटत आणून तिनं दाराला लागून ठेवली आणि आपल्या भाषेत, अगदी समजुतीनं म्हणाली,

"इथं बसा. मध्येच उठून जायचं असेल तर हीच बरी पडते."