जवळा कोण राखणार?

दिवाळे गावच्या दादू कोळ्याने कुणा खलाशाकडून ऐकलं की, आपल्याकडे समुद्रात बुडणारा सूर्य मद्रासला म्हणे समुद्रातून वर येतो. झालं! एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्याने मद्रासला जायचा घाट घातला. अडचण एकच. दारात वाळत घातलेला जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, कावळ्यांपासून राखायचा कुणी?

म्हणून तो शेजारच्या तुळशीरामला गळ घालायला गेला आणि बोलता बोलता मद्रासचं वर्णन करत सुटला. तुळशीराम टुणकन उठला. "मीपन येतो! पन मंग माजा जवला कोन राखनार?" दोघे मिळून जमुनामावशीकडे गेले. अर्धं वर्णन ऐकूनच मावशीने लुगड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं. असं दारोदार फिरता फिरता आठवड्याभरात अख्खी आळी मद्रासला निघाली.

मुंबईची होडी सुटली, तेव्हा धक्क्यावर कावळे हाकायची काठी घेऊन एकटा दादू उभा होता. होडीतून त्याची बायको दमयंती ओरडली,



"अवो, तुमी येऊन काय बघनार? तुमाला तर मद्रास सगलं पाठच हाय!"